रेंडरला बसला की बंद: आर्णीजवळच्या एका फोटो स्टुडिओच्या पीसीचं प्रकरण

"भाऊ, पीसी हँग मारून राह्यला."

फोनवरचं पहिलं वाक्य हेच. आमच्या धंद्यात 'हँग' हा शब्द कपाशीवरच्या 'रोगा'सारखा आहे. मावा असो, तुडतुडे असो की बोंडअळी, धुऱ्यावर उभा राहून माणूस 'रोग आला' एवढंच सांगतो. पान उलटून पाहायचं काम आपलं. मी ते उलटलं नाही, त्यापायी दीड दिवस आणि एक चक्कर वाया गेली. म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं लिहितो आहे, माझ्या चुकीसकट.

माझं रिपेरिंगचं दुकान आर्णीत, नागपूर-तुळजापूर रस्त्यालगत. फोन करणारा बारा किलोमीटरवरच्या गावातला फोटोग्राफर. लग्नाचं शूटिंग, अल्बम, वाढदिवसाचे बॅनर, जोडीला झेरॉक्स. घराची समोरची खोली म्हणजे स्टुडिओ. एप्रिल संपत आला होता, लग्नसराई भरात होती आणि त्याच्याकडे पाच लग्नांचे व्हिडिओ अडकून पडले होते.

पीसी जुना, पण नेटका ठेवलेला. चौथ्या पिढीचा आय-५ ४५७०, एच८१ बोर्ड, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, एक दोन टीबीची हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड जीटी ७१०. हे कार्ड म्हणजे मॉनिटरची वायर खोचायला जागा, एवढंच. १९ वॅटमध्ये त्याचं भागतं. त्यानं कॅमेरा बदलला, फुटेज फोर-केमध्ये यायला लागलं, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर दाविंची रिझॉल्व्ह घडीघडी जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, मेमरी संपल्याचं सांगू लागलं. मग नागपूरहून वापरलेलं जीटीएक्स १६६० सुपर आणलं, सहा जीबीचं, दहा हजारांत. व्हिडिओ पाहून स्वतःच बसवलं. बसवलं अगदी नीट होतं, स्क्रूसुद्धा सगळे जागेवर. पहिले दोन दिवस पठ्ठ्या खूश होता, कारण दोन दिवस त्यानं नुसतं एडिटिंग केलं. तिसऱ्या दिवशी रेंडर लावला, म्हणजे एडिट केलेल्या तुकड्यांचा शेवटचा सलग व्हिडिओ बनवायला टाकला.

फोनवर त्यानं काय सांगितलं होतं

मी विचारलं, हँग म्हणजे नेमकं काय होते? त्यानं जे सांगितलं ते आता आठवून लिहितो, कारण निदान त्यातच होतं.

"कधी स्क्रीन काळी होते, पण गाणं सुरूच राह्यते. कधी निळी स्क्रीन येते. अन् कधी कधी खाटकन बंदच पडते, लाईन गेल्यावानी. मंग बटन दाबलं तरी सुरू नाई होत. मागची पिन काढून पाच मिन्टं थांबा लागते."

मी ऐकलं 'निळी स्क्रीन' आणि 'नवीन कार्ड', आणि मनातल्या मनात निकाल दिला: ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातलं दुभाष्याचं सॉफ्टवेअर. शेवटचं वाक्य कानावरून गेलं. पिन काढून पाच मिनिटं थांबावं लागतं, हे विंडोजचं किंवा ड्रायव्हरचं लक्षणच नव्हे. विंडोज अडकलं तर बटण दाबून धरलं की मशीन बंद होतं आणि पुन्हा दाबलं की लगेच सुरू होतं. बटणाला अजिबात दाद द्यायची नाही आणि वायर काढून ठेवल्यावरच शुद्धीवर यायचं, हे वागणं एसएमपीएसचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं. त्याचं संरक्षण एकदा ट्रिप झालं की तो कुलूप लावून बसतो आणि आतले कपॅसिटर रिकामे होईपर्यंत उघडत नाही. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि फोनवर ऐकताना सुचणं यात फार अंतर असतं.

पहिली चक्कर

गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बाहेर ४३ अंश, खोलीत कूलर घरघरतोय. अर्ध्या भिंतीला मागच्या हंगामातला कापूस रचून ठेवलेला, भाव वाढेल या आशेवर. कॅबिनेटचं झाकण काढलं तर प्रोसेसरच्या पंख्यावर कापसाच्या तंतूंची मऊ गादी. ब्लोअरनं ती उडवली. तापमान पाहिलं: रेंडरला कार्ड ७९ अंश. उन्हाळ्यात, कूलरच्या दमट हवेत, ठीकच म्हणायचं. या पिढीची कार्डं गरम झाली की आधी आपला वेग कमी करतात, ७९ला दम तोडत नाहीत. म्हणजे ताप हे कारण नव्हतं. इथपर्यंत माझं बरोबर होतं.

पुढे ड्रायव्हर. जीटी ७१० जुन्या केप्लर पिढीचं, त्याला ४७०च्या मालिकेपुढचे ड्रायव्हर नाहीत. १६६० सुपर ट्युरिंग पिढीचं, त्यावर यानं नवा ड्रायव्हर जुन्याच्या उरावर चढवलेला. संशय घेण्यासारखं होतंच. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर काढायच्या सॉफ्टवेअरनं जुनं सगळं खरवडून काढलं, नवा ड्रायव्हर टाकला, विंडोजचे अपडेट पुरे केले. दहा मिनिटांचा एक छोटा रेंडर लावला, तो निघाला. तीनशे रुपये घेतले आणि चहा पिऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोन. "भाऊ, तसंच हाये."

कार्डावर आळ

तोवर गावात निकाल लागून गेला होता. त्याच्या भाच्यानं जाहीर केलं होतं की कार्ड 'मायनिंगवालं' आहे, मामाला फसवलं. शंका अगदीच हवेतली नव्हती. १६६० सुपर २०१९च्या ऑक्टोबरात आलं आणि इथेरियम हे आभासी चलन काढणाऱ्यांनी (यालाच मायनिंग म्हणतात) ही कार्डं चोवीस तास राबवली. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियमनं ती पद्धतच बंद केली, तेव्हा असली कार्डं ढिगानं बाजारात उतरली. नागपुरात वापरलेलं कार्ड घेतलं तर ते त्यातलंच असण्याची शक्यता असतेच.

भाच्याचा पुरावा होता तो हा: जुनं कार्ड परत लावलं तर पीसी दिवसभर बिनबोभाट चालतो, म्हणजे नवीन खराब. हा तर्क दहापैकी आठ जण लावतात, आणि तो लंगडा आहे. जुनं कार्ड १९ वॅट खातं, नवीन १२५. बैलगाडीला जे जू चालतं ते ट्रॉलीला जुंपून पाहिलं आणि मोडलं, तर दोष ट्रॉलीचा की जुवाचा हे त्यावरून कळत नाही. कार्ड बदललं की मागणीही बदलते, त्यामुळे एका वेळी दोन गोष्टी बदलल्या जातात.

म्हणून मी उलटं केलं. त्याला म्हटलं, कार्ड घेऊन दुकानात या. माझ्या टेस्टिंगच्या मशीनवर, चांगल्या एसएमपीएसवर, ते सव्वा तास पूर्ण ताणावर चालवलं. ना काळी स्क्रीन, ना चित्रात ठिपके, पंख्याचा आवाजही एकसारखा. मायनिंगवर होतं की नव्हतं हे कळायला मार्ग नाही, पण कार्ड धडधाकट होतं. फोटोग्राफर भाऊच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मी मात्र ओशाळलो, कारण आता मागे उरलेल्या गोष्टीकडे मी काल पाहिलंसुद्धा नव्हतं.

पिवळी वायर

दुसऱ्या चकरेला मल्टिमीटर नेला. पण आधी उघडलं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, जी पहिल्याच दिवशी उघडायची होती. त्यात 'कर्नल-पॉवर ४१'ची रांग. ही नोंद पाहून अनेक जण 'पॉवरचा प्रॉब्लेम' म्हणून मोकळे होतात, पण ती नुसती एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नाही. खरा उपयोग तिच्या तपशिलातल्या बगचेक कोडचा. निळी स्क्रीन आली असेल तर तिथे तिचा आकडा असतो. वीजच तुटली असेल तर विंडोजला लिहायला सवडच मिळत नाही आणि शून्य राहतो. अकरा नोंदींपैकी आठ शून्य. उरलेल्या तिनांत २७८, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर वेळेत उत्तर देईना म्हणून आलेली निळी स्क्रीन. विंडोज कार्डाला दोन सेकंदांची मुदत देतं. तेवढ्यात हूं की चूं नाही आलं तर आधी ड्रायव्हर पुन्हा उभा करून पाहतं, तेही जमलं नाही तर निळं.

मग एक फुकटची चाचणी केली. पदरात दुसरा एसएमपीएस नसेल तर हीच करावी असं माझं मत आहे. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली. म्हणजे १२५ऐवजी साधारण ८८ वॅट. तोच रेंडर, तीच फाइल, तीच दुपार. चाळीस मिनिटं झाली, पीसी हलला नाही. लिमिट परत १००वर नेली, सहाव्या मिनिटाला खाट. बटण दाबलं, ढिम्म. मागची पिन काढली.

"हेच तं मी सांगत होतो तुमाले," भाऊ म्हणाला.

कॅबिनेट आडवं केलं. एसएमपीएस कॅबिनेटसोबतच आलेला, वजनाला हलका, बाजूला लाल अक्षरांत ४५०. आणि गंमत पाहा, एनव्हिडियानं या कार्डासाठी ४५० वॅटचाच एसएमपीएस सुचवला आहे. भाऊनं दोन्ही आकडे जुळवूनच कार्ड घेतलं होतं. त्याच्या बाजूनं त्यानं हिशेब चुकवला नव्हता.

हिशेब स्टिकरवरच्या बारीक चौकटीत असतो. तिथे १२ व्होल्टच्या पुढे लिहिलं होतं १६ अ‍ॅम्पिअर. बारा सोळा एकशे ब्याण्णव. म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ज्या १२ व्होल्टवर जगतात तिथे कंपनी स्वतःच जास्तीत जास्त १९२ वॅट कबूल करते. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यावर दाखवून बेरीज फुगवलेली. प्रोसेसर ५ व्होल्टवर चालायचे त्या जमान्यात अशा वाटणीला अर्थ होता, आज ते वॅट घरात असून उपयोगाचे नाहीत. इकडे मागणी: प्रोसेसर ८४, कार्ड १२५, झाले २०९. त्यावर हार्ड डिस्क आणि पंखे. शिवाय कार्डाचे १२५ म्हणजे सरासरी. क्षणभरासाठी ते त्याच्या पुष्कळ वर उसळी घेतं.

त्या एसएमपीएसला कार्डाची आठ पिनांची केबल नव्हतीच. भाऊनं ऐंशी रुपयांचा कन्व्हर्टर लावला होता, हार्ड डिस्कच्या जुन्या मोठ्या चार पिनांच्या कनेक्टरवरून आठ पिनांवर नेणारा. कन्व्हर्टरची दोन्ही टोकं एकाच वायरवरच्या दोन कनेक्टरांत खोचलेली. दुसरी वायर होतीच कुठे?

रेंडर लावून मीटरची सुई आधी त्याच एसएमपीएसच्या रिकाम्या कनेक्टरमध्ये घातली. आराम असताना १२.०८, रेंडरला ११.५२. कमी, पण चालण्यासारखं; एटीएक्सच्या, म्हणजे पीसीच्या एसएमपीएसच्या ठरलेल्या, मापात ११.४ ते १२.६ बसतं. मग सुई कार्डाजवळच्या आठ पिनांच्या पाठीमागून १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीला टेकवली. १०.९.

सहा दशांश व्होल्ट वाटेतच गळत होते. कार्ड सुमारे ३०-४० वॅट बोर्डावरच्या स्लॉटमधून घेतं असं धरलं तर उरलेल्यापायी त्या वायरीतून अंदाजे सात अ‍ॅम्पिअर जातात. सात गुणिले ०.६, चार वॅटच्या वर उष्णता, आणि ती कुठे? पिवळ्या वायरीचा कनेक्टर ओढला तर तो निघेना. जोर लावून काढला. पांढरं प्लॅस्टिक पिवळ्या वायरीपाशी चहासारखं तपकिरी झालं होतं, एक पिन वाकून ढिली पडली होती आणि तिच्याभोवतीचं भोक लंबुळकं. नाकाजवळ नेला तर जळक्या फेव्हिकॉलसारखा वास. मी तो भाऊच्या हातात दिला. तो काही बोलला नाही, वडिलांना हाक मारून दाखवला. काकाजींनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "मोटारीच्या स्टार्टरचं किटकॅट फ्यूज असंच जळते. वायर ढिली असली का जळलंच."

इथे तिन्ही लक्षणं एका दोरीत आली. कार्डाला व्होल्टेज कमी पडलं की ते गप्प होतं. ड्रायव्हर सावरला तर नुसती काळी स्क्रीन आणि मागे गाणं, नाही सावरला तर निळी. आणि सगळ्यांनी मिळून एकदम ओढलं की एसएमपीएस कुलूप लावतो. तीन रोग नव्हते, एकाच्या तीन पायऱ्या होत्या. ड्रायव्हर धुतल्यावर माझा दहा मिनिटांचा रेंडर का निघाला? त्याचंही उत्तर मिळालं: तो टू-केचा होता. कार्डाला घाम फुटेल असं कामच मी दिलं नव्हतं.

हा त्रास दुपारी जास्त व्हायचा आणि रात्री कमी. तो का, तर भिंतीतल्या सॉकेटला दुपारी मीटर लावला, १८८ व्होल्ट. गावातले कूलर सुरू, वायर लांबवर ओढलेली. स्वस्त एसएमपीएस २३०वर जेवढं देतो तेवढं १८८वर देत नाही, त्यात ४३ अंशांची हवा ओढतो.

नवा एसएमपीएस ५५० वॅटचा घेतला, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), साडेचार हजारांच्या आसपास. वॅट मी शेवटी पाहिले. आधी पाहिलं की १२ व्होल्टला ४० अ‍ॅम्पिअरच्या वर आहे, कार्डाची केबल मूळची आहे, आणि तिसरं, जे आमच्याकडे सगळ्यात कामाचं: इनपुटच्या रकान्यात १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय. काहींवर २०० ते २४० असतं. गावात दुपारी १८८ मिळत असेल तर तो फरक नुसता छपाईचा नाही. बसवला, पॉवर लिमिट १००वर, पंचावन्न मिनिटांचं अख्खं लग्न एका दमात निघालं. कार्डाजवळ ११.९६. पहिल्या दिवशीचे तीनशे मी बिलातून वजा केले.

लाईन गेल्यावर

प्रकरण इथे संपायला हवं होतं. चार दिवसांनी फोन: आधी लाईन गेली तर यूपीएस पीसी धरून ठेवायचा, आता लाईन गेली की पीसी रिस्टार्ट होतो. जुन्या एसएमपीएसनं कधी असं केलं नाही, मग नवा बरा कसा?

प्रश्न रास्त होता. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ३६० वॅट, आणि तेही बॅटरी नवी असताना. याची चार वर्षं जुनी, लोड दिला की ९ व्होल्टवर कोसळणारी. पूर्वी लाईन जायची तेव्हा ७१०वाला पीसी सत्तर-ऐंशी वॅट मागायचा, आता रेंडरच्या ऐन भरात अडीचशे. वर नव्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) आहे, त्याला साइन वेव्ह, म्हणजे लाईनसारखी गुळगुळीत लहर, लागते. स्वस्त यूपीएसची पायऱ्यापायऱ्यांची लहर काहींना मानवत नाही. बॅटरी बदलली. एडिटिंग करताना लाईन गेली तर आता टिकतो, रेंडरला गेली तर तरीही पडतो.

मागच्या खोलीत घरचा इन्व्हर्टर होता, साइन वेव्हचा, १५० एएचच्या बॅटरीचा. पीसीची लाईन त्यावर घेतली. त्याच्या मागे दोन मोडचा खटका असतो, बहुतेक घरांत तो जन्मात कोणी हलवलेला नसतो. एका मोडमध्ये इन्व्हर्टर शंभरच्या आसपासपर्यंत उतरलेलं व्होल्टेज खपवून घेतो, पण बॅटरीवर जायला वेळ लावतो. पंखा-ट्यूबला ते कळतही नाही. दुसरा यूपीएस मोड, तो चटकन पलटी मारतो, पण १८०च्या खाली गेलं की बॅटरीच धरतो. एसएमपीएस लाईनशिवाय १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, पन्नास हर्ट्झच्या एका फेऱ्याहूनही कमी. म्हणून यूपीएस मोड घ्यावाच लागला. त्याची किंमत अशी की भर दुपारी व्होल्टेज आणखी खाली गेलं की लाईन असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो आणि घरचे पंखेही त्या बॅटरीवर येतात. काकूंनी दोन दिवसांत याची तक्रार केली. तोडगा तांत्रिक नाही, घरगुती आहे: दुपारी एडिटिंग, रात्री साडेदहानंतर रेंडर. शिवाय पॉवर लिमिट आम्ही ८५ टक्क्यांवर ठेवली. रेंडरला दोन-चार मिनिटं जास्त लागतात, पंखे शांत राहतात.

वायर फिरवताना एक गोष्ट लक्षात आली. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. भाऊ म्हणाला, "ते तं पह्यलेपासून मारते." सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं, त्यात वायरच नव्हती. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा दोन्हींच्या मधोमध, शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी थोडा, म्हणून जीव जात नाही, पण चालू मशीनला एचडीएमआयची वायर खोचताना ठिणगी उडाली तर कार्डाचा पोर्ट जाऊ शकतो. दहा हजारांच्या कार्डाला हा धोका नको.

काकाजींनी दुसऱ्याच दिवशी अंगणात खड्डा घेतला, कोळसा-मीठ घालून नळी पुरली. मी गेलो तेव्हा नळीभोवती काळ्या मातीला बोटभर भेगा पडलेल्या. आमची माती उन्हाळ्यात नळीला सोडून दूर सरकते, मग अर्थिंग असून नसल्यासारखं. तीन बादल्या पाणी ओतल्यावर झिणझिण्या गेल्या. आता पाऊस लागेपर्यंत काकाजी सकाळी तुळशीला पाणी घालून उरलेली बादली त्या खड्ड्यात रिकामी करतात. पाचवं लग्न ११ मेला रात्री रेंडरला लागलं होतं, पहाटे निघालं.